लिक्विड सेलमध्ये चांदीचा घन पोखरला जाताना पाहायचाय? आधी बीमचा हिशेब मांडा

लिक्विड सेल म्हणजे इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपमध्ये द्रव बंदिस्त ठेवून बघायचा चिमुकला कप्पा. तो शिकायला आलेल्या विद्यार्थ्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: रेझोल्यूशन किती मिळेल? मी उलट विचारतो, बीम किती पिकोअँपिअरचा ठेवणार आणि तो केवढ्या चौकटीवर फिरवणार? याचं उत्तर तयार नसेल तर होल्डर, म्हणजे सेल मायक्रोस्कोपमध्ये घालायचा दांडा, कपाटात असलेलाच बरा. द्रवात इलेक्ट्रॉन बीम सोडला की तो नुसता बघ्या राहत नाही, अभिक्रियेत उतरतो. दारूगोळ्याच्या कोठारात काय आहे ते काडी ओढून बघण्यातला हा प्रकार आहे. काडी ओढायची तर लागतेच, फक्त ती कुठे आणि किती वेळ धरायची हे आधी ठरवायचं.

मूळ अडचण सगळ्यांना माहीत आहे. मायक्रोस्कोपच्या कॉलममध्ये व्हॅक्यूम, आणि व्हॅक्यूममध्ये पाणी टिकत नाही. म्हणून दोन सिलिकॉन चिपा एकमेकींवर ठेवायच्या. प्रत्येकीच्या मधोमध सिलिकॉन नायट्राइडची खिडकी असते, जाडी साधारण ५० नॅनोमीटर किंवा त्याहून कमी. दोन्ही चिपांमध्ये स्पेसरमुळे काहीशे नॅनोमीटरची फट राहते आणि त्या फटीतून द्रव वाहतो. फ्रान्सिस रॉस आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये अशाच सेलमध्ये तांब्याचे कण इलेक्ट्रोडवर वाढताना दाखवले. २००९ मध्ये बर्कलीच्या हायमेई झेंग, पॉल अलिविसाटोस आणि सहकाऱ्यांनी प्लॅटिनमचे नॅनोकण एकेकटे वाढताना आणि एकमेकांत मिसळताना टिपले. २०१२ मध्ये ग्राफीनच्या, म्हणजे एका अणूइतक्या जाडीच्या कार्बनच्या, थरांत द्रव कोंडून अणूंच्या रांगांपर्यंत मजल गेली. ग्राफीनचा सेल सुंदर दिसतो, पण त्यात प्रयोग चालू असताना नवा द्रव सहसा सोडता येत नाही. अभिक्रिया आपल्या हाताने सुरू करायची असेल तर नायट्राइडचा फ्लो सेलच घ्या. पुढचं सगळं त्याबद्दलच आहे.

अभिक्रिया कोणती घ्यावी

पहिल्या प्रयोगाला अशी अभिक्रिया घ्या जी फ्लास्कमध्ये बीमशिवाय आपली आपण होते. माझी शिफारस ठरलेली आहे: चांदीचे नॅनोघन आणि क्लोरोऑरिक आम्ल. सोन्याचा एक आयन चांदीच्या पृष्ठभागावर बसतो आणि त्याच्या बदल्यात चांदीचे तीन अणू द्रावणात जातात. तीन जाऊन एक येतो, म्हणून घन आतून पोकळ होत जातो. बदल मोठा असतो, डोळ्यांना दिसतो, आणि शेवटी काय उरायला हवं हे आधीच माहीत असतं. स्टेममध्ये (बारीक बीम चौकटीवर फिरवून प्रतिमा घेण्याची पद्धत) डार्क फील्डला, म्हणजे बाजूला विखुरलेल्या इलेक्ट्रॉनांच्या प्रतिमेत, सोनं चांदीपेक्षा दुपटीहून उजळ दिसतं, त्यामुळे कोणता धातू कुठे आहे याचा अंदाज प्रतिमेतूनच लागतो.

तीच अभिक्रिया, तीच तीव्रता, तेच तापमान ठेवून आधी फ्लास्कमध्ये करा. थोड्या थोड्या वेळाने थेंब काढून ग्रिडवर वाळवा आणि साध्या टेममध्ये (बीम न फिरवता सगळ्या भागावर एकदम टाकणारी पद्धत) पाहा. पोकळी किती मिनिटांत दिसायला लागते, ती एका कोपऱ्यातून सुरू होते की बाजूच्या मधोमध, हे टिपून ठेवा. हे काम कंटाळवाणं आहे आणि बहुतेक जण टाळतात. पण पुढे सेलमध्ये जे दिसेल ते ताडून पाहायला हाताशी दुसरं काहीच नसतं.

सेलमध्ये आयन असतात तरी किती

हे गणित एकदा कागदावर करून बघाच. खिडकीचा ५० बाय ५० मायक्रोमीटरचा भाग धरा, फट २०० नॅनोमीटर. आकारमान ५०० घन मायक्रोमीटर, म्हणजे अर्धा पिकोलिटर. त्यात ०.१ मिलिमोलर क्लोरोऑरिक आम्ल असेल तर सोन्याचे आयन होतात सुमारे ३ कोटी. आता १०० नॅनोमीटरचा चांदीचा एक घन घ्या. चांदीत दर घन नॅनोमीटरला ५८ ते ५९ अणू असतात, म्हणजे या एका घनात जवळपास ५ कोटी ९० लाख. तीनास एक या हिशेबाने तो पूर्ण पोखरायला सोन्याचे २ कोटी आयन लागतात.

म्हणजे खिडकीखालच्या सगळ्या द्रवातला दोन-तृतीयांश माल एकटा घन संपवतो! तुम्ही तर चिपेवर शेकडो घन टाकून बसता. बंद सेलमध्ये अभिक्रिया मध्येच थांबली की लोक घनांच्या पृष्ठभागावर बनवतानाच बसलेल्या पॉलिमरवर खापर फोडतात. बऱ्याचदा कारण इतकंच असतं की आयन संपलेले असतात. त्यामुळे द्रव वाहता ठेवा आणि घन विरळ टाका, एका चौकटीत दोन-तीन दिसतील इतकेच.

आता बीमचा हिशेब

१ पिकोअँपिअर म्हणजे सेकंदाला सुमारे ६२ लाख इलेक्ट्रॉन. ५० पिकोअँपिअरचा बीम १ बाय १ मायक्रोमीटरच्या चौकटीवर फिरवला, तर सेकंदाला ३१ कोटी इलेक्ट्रॉन १० कोटी चौरस अँगस्ट्रॉमवर पडतात. डोस रेट झाला दर चौरस अँगस्ट्रॉमला सेकंदाला ३ इलेक्ट्रॉन. ऐकायला किरकोळ वाटतो. २०० किलोव्होल्टला पाण्यात दर चौरस अँगस्ट्रॉमला १ इलेक्ट्रॉन म्हणजे जवळपास ४५ लाख ग्रे (शोषलेल्या किरणोत्साराचं एकक). माणसाच्या सगळ्या शरीराला एकदम ४-५ ग्रे मिळाले तरी जिवावर बेतू शकतं.

एवढ्या ऊर्जेने पाणी फुटतं. हायड्रेटेड इलेक्ट्रॉन (पाण्याच्या रेणूंनी वेढलेला सुटा इलेक्ट्रॉन), हायड्रोजनचे अणू, हायड्रॉक्सिल रॅडिकल, हायड्रोजन पेरॉक्साइड, हायड्रोजन वायू असा सगळा गोतावळा तयार होतो आणि द्रव आम्लधर्मी होत जातो. रेडिएशन केमिस्ट्रीतले नेहमीचे उत्पन्नाचे आकडे लावले, तर दर चौरस अँगस्ट्रॉमला सेकंदाला १ इलेक्ट्रॉन या दराने लिटरमागे सेकंदाला १ मोलहून थोडे जास्त हायड्रेटेड इलेक्ट्रॉन जन्माला येतात. बहुतेक लगेच आपसात जुळून नाहीसे होतात हे खरं. पण तुमचं क्लोरोऑरिक आम्ल आहे ०.१ मिलिमोलर. हायड्रेटेड इलेक्ट्रॉनचं प्रमाण विभव (जितकं उणे तितकी इलेक्ट्रॉन देण्याची ओढ जास्त) उणे २.९ व्होल्टच्या आसपास, तर सोन्याच्या क्लोराइड आयनाचं अधिक १. सोन्याला धातू व्हायला मग चांदीची गरजच उरत नाही. दुसऱ्या बाजूला हायड्रॉक्सिल रॅडिकल अधिक २.७ व्होल्टचा, तो चांदीला सहज ओरबाडून काढतो. एकाच चौकटीत, एकाच वेळी, बीम सोनं बसवतोही आणि चांदी विरघळवतोही. पडद्यावर दिसणारं दृश्य मात्र हुबेहूब तुम्हाला हव्या असलेल्या अभिक्रियेसारखं असतं. खरी मेख इथे आहे.

म्हणून हात आखडता ठेवा. सुरुवात एका इलेक्ट्रॉनच्या कितीतरी खालून करा, दर चौरस अँगस्ट्रॉमला सेकंदाला ०.१ च्याही खाली. प्रतिमा दाणेदार येईल. येऊ दे. घनाची कडा दिसली की पुरे, स्फटिकातल्या अणूंच्या रांगांच्या रेषा या प्रयोगात बघायच्याच नाहीत. आणि स्टेममध्ये मॅग्निफिकेशन दुप्पट केलं की डोस रेट चौपट होतो, हे होल्डरच्या डब्यावर चिकटवून ठेवा. "जरा जवळून बघू" म्हणून बटण फिरवलं आणि अभिक्रिया अचानक धावायला लागली, तर त्यात चांदीचा काही पराक्रम नाही.

करंट मशीनच्या पडद्यावरच्या आकड्यावरून घेऊ नका. फॅराडे कप (बीमचा सगळा करंट गोळा करून मोजणारा कप) असेल तर त्याने, नसेल तर कॅलिब्रेट केलेल्या कॅमेऱ्याने किंवा स्क्रीनने, होल्डर आत घालण्याआधी मोजा.

स्कॅव्हेंजर, म्हणजे रॅडिकल खाऊन टाकणारं द्रव्य, घालावा का, हेही विचारलं जातं. आयसोप्रोपॅनॉल हायड्रॉक्सिल रॅडिकल खातं खरं, पण त्यातून जो नवा रॅडिकल निघतो तो स्वतः क्षपणकारी असतो. चांदी वाचते आणि सोनं जास्त साचतं. एक दार लावलं की दुसरं उघडतं. या प्रयोगात मी स्कॅव्हेंजरच्या वाटेला जात नाही, डोस कमी करणं परवडतं.

चिपा आणि होल्डर

नव्या चिपांवर संरक्षक फोटोरेझिस्टचा थर असतो. आधी ॲसिटोनमध्ये, मग चिप कोरडी पडू न देता मिथेनॉल किंवा आयसोप्रोपॅनॉलमध्ये धुवा. वाळल्यावर स्टिरिओ मायक्रोस्कोपखाली खिडकी तपासा. चिमटा नेहमी चिपेच्या कडेला धरा. खिडकीवर चिमट्याचं टोक टेकलं की ती गेलीच.

मग थोडा वेळ प्लाझ्मा क्लीनिंग (आयनित वायूने पृष्ठभाग साफ करणं), म्हणजे पृष्ठभाग पाण्याला धरून ठेवेल. क्रम महत्त्वाचा: आधी प्लाझ्मा, नंतर कण. घन टाकून मग प्लाझ्मा केला तर चांदीवर ऑक्साइड चढतो आणि प्रयोग सुरू होण्याआधीच बिघडतो. घनांचं द्रावण दोनदा तरी सेंट्रिफ्यूज करून जादा पॉलिमर काढून टाका, विरळ करा, आणि एक लहानसा थेंब चिपेवर वाळू द्या.

कण कोणत्या चिपेवर टाकायचे? स्टेममध्ये काम करणार असाल तर वरच्या, म्हणजे बीम जिथून आत शिरतो त्या. बीम द्रवातून जाताना पसरतो, त्यामुळे वरचे कण रेखीव आणि खालचे पसरट दिसतात. टेममध्ये नेमकं उलट, खालच्या चिपेवरचे कण स्पष्ट येतात. एवढी साधी गोष्ट, पण चुकीच्या चिपेवर कण टाकले तर कितीही फोकस केला तरी कडा धूसरच राहतात.

ओ-रिंग मायक्रोस्कोपखाली बघितल्याशिवाय बसवू नका. कापसाचा एक धागा किंवा धुळीचा कण पुरतो गळती व्हायला. खालची चिप बसवा, त्यावर अर्धा ते एक मायक्रोलिटर शुद्ध पाणी ठेवा, वरची चिप अलगद टेकवा, दोन्ही खिडक्या एकावर एक आल्या का ते बघा. स्क्रू आळीपाळीने, थोडे थोडे आवळा. एक पूर्ण आवळून मग दुसरा घेतला तर चिप तिरकी बसते.

यानंतर होल्डर सरळ मायक्रोस्कोपमध्ये घालायचा नाही. आधी स्वतंत्र पंपिंग स्टेशनवर लावा, पाणी वाहतं ठेवा, आणि दाब स्थिर राहतो का बघा. पंपाचा आकडा हळूहळू वर सरकत असेल तर खोलून पुन्हा बसवा. "चालेल एवढं" या शब्दांना इथे जागा नाही, कारण खिडकी फुटून द्रव कॉलममध्ये गेला तर त्याचं बिल तुमच्या एकट्याच्या प्रयोगावर येत नाही, सगळ्या प्रयोगशाळेचं काम अडतं.

आत गेल्यावर

बाहेर व्हॅक्यूम आणि आत जवळपास एक वातावरणाचा दाब, म्हणून खिडक्या बाहेर फुगतात. मधोमध द्रवाची जाडी स्पेसरच्या कितीतरी पट होऊ शकते. म्हणून कोपऱ्याजवळ काम करा, तिथे जाडी स्पेसरच्या आकड्याच्या आसपास राहते. सोय असेल तर इलेक्ट्रॉन एनर्जी लॉस स्पेक्ट्रमवरून जाडीचा अंदाज घ्या. दोन्ही खिडक्यांवर कण असतील तर होल्डर थोडा टिल्ट करा: वरचे आणि खालचे कण एकमेकांपासून किती सरकले यावरूनही फट काढता येते.

फोकस आणि स्टिग्मेशन (बीम एका दिशेने ताणलेला असेल तर तो दोष काढणं) शेजारच्या जागेवर करा, जिथे प्रयोग करायचा त्या कणांवर कधीच नाही. ते जुळलं की बीम ब्लँक करा, म्हणजे नमुन्यावर पडू देऊ नका, स्टेज सरकवा, आणि कमी डोसची एकच फ्रेम घेऊन कण जागेवर आहेत एवढं बघा.

आता धीर धरायचा. पहिली पाच-दहा मिनिटं नुसत्या पाण्यात, ठरवलेल्या डोस रेटवर, व्हिडिओ घ्या. घनाचे कोपरे गोलावायला लागले तर डोस जास्त आहे. कमी करा, नवी जागा शोधा, पुन्हा बघा. पाण्यात घन जसाच्या तसा राहतो तो डोस रेट तुमचा. बुडबुडा दिसला तर तुम्ही फारच वर आहात, तो रेडिओलिसिसमधला, म्हणजे बीमने पाणी फुटून आलेला, हायड्रोजन असू शकतो. काही जण मुद्दाम बुडबुडा करून द्रवाची पातळ फिल्म मिळवतात. प्रतिमा झकास येते, पण त्या फिल्ममध्ये नवे आयन पोचायला फार अडचण होते. या प्रयोगाला तो मार्ग नको.

मग सिरिंज बदलून क्लोरोऑरिक आम्ल सोडा, मिनिटाला एक-दोन मायक्रोलिटरने. ते लगेच खिडकीपाशी येत नाही. १०० मायक्रोमीटर आतल्या व्यासाची एक मीटर नळी म्हणजे जवळपास ८ मायक्रोलिटर. मिनिटाला २ मायक्रोलिटरने नुसती नळी भरायला चार मिनिटं लागतात. वर बहुतेक द्रव चिपांच्या बाजूने निघून जातो आणि खिडक्यांमधल्या फटीत आयन मुख्यतः विसरणानेच शिरतात. म्हणून सिरिंज बदलल्याची वेळ आणि खिडकीत बदल दिसल्याची वेळ यांतला फरक म्हणजे अभिक्रियेचा विलंब असं समजू नका. हा उशीर किती ते वेगळ्या चाचणीत मोजून ठेवा. सिरिंज बदलताना हवेचा फुगा नळीत गेला तर तोही वाटेत ठाण मांडून बसतो.

सगळं नीट असेल तर आधी घनाच्या एका बाजूला बारीकसा खड्डा दिसतो. तो आत पसरतो, आतला भाग काळवंडतो, आणि भोवती उजळ कड राहते, ती सोनं चढत असलेली भिंत. मध्येच चांदीच्या क्लोराइडचे वेडेवाकडे ठिपके येऊ शकतात. तो क्लोराइड बीमखाली पुन्हा चांदीत बदलतो, त्यामुळे ठिपके आले आणि बदलले तर त्यातून अभिक्रिया नेमकी कशी घडते याबद्दल मोठे निष्कर्ष काढायच्या भानगडीत पडू नका.

बीमची करामत की चांदीची?

मी व्हिडिओ दाखवायला आलेल्याला विचारतो ते हे.

चौकटीबाहेर काय झालं? प्रयोग संपताच स्टेज दूर नेऊन, जिथे बीम कधीच पडला नाही तिथली एक फ्रेम घ्या. तिथलेही घन तितकेच पोखरलेले असतील तर व्हिडिओवर विश्वास ठेवायला हरकत नाही. तिथले घन अख्खे असतील तर तुम्ही रेडिओलिसिसचा व्हिडिओ काढला आहे. फक्त फार जवळ जाऊ नका, बीमने तयार केलेली काही द्रव्यं विसरणाने चौकटीबाहेरही पोचतात.

फ्रेम विरळ केल्या तर वेग बदलतो का? सलग व्हिडिओऐवजी मिनिटाला एक फ्रेम घ्या, मधल्या वेळात बीम ब्लँक. पोकळीचा वेग तोच राहिला तर उत्तम. मला ही चाचणी सगळ्यांत आवडते, कारण तिच्यासाठी वेगळी चिप लागत नाही, फक्त संयम लागतो.

खिडकीवर नवे बारीक कण उगवले का? घनांपासून दूर, रिकाम्या नायट्राइडवर उजळ ठिपके येत असतील तर बीम थेट सोन्याचं क्षपण करतो आहे. डोस खाली आणा, किंवा आम्लाची तीव्रता कमी करा.

बीमला अभिक्रियेचा भागीदार म्हणून उघडपणे घेणं हाही एक रास्त मार्ग आहे. २०१६ मध्ये सोन्याचे नॅनोकण फेरिक क्लोराइडच्या द्रावणात कोरले जाताना दाखवले गेले, घनांचे चोवीस बाजूंचे टेट्राहेक्साहेड्रॉन होताना दिसले. तिथे बीम लपवलेला नाही, त्याचा डोस रेट प्रयोगाच्या अटींमध्येच धरलेला आहे. माझा आक्षेप बीमवर नाही, त्याला हिशेबाबाहेर ठेवण्यावर आहे.

नोंदी आणि आवराआवर

प्रत्येक फाइलमागे करंट, चौकटीचं माप, एका पिक्सेलवर थांबण्याचा वेळ, फ्रेमची वेळ, पंपाचा वेग आणि त्या जागेवर आजवर पडलेला एकूण डोस लिहा. मायक्रोस्कोपच्या आणि पंपाच्या संगणकांची घड्याळं आधी जुळवून घ्या, नंतर जुळवत बसणं म्हणजे वैताग. मूळ फ्रेम जशाच्या तशा साठवा आणि नॉइज काढायचा तो प्रतीवर. गुळगुळीत केलेल्या व्हिडिओत खड्डा कधी सुरू झाला हे हमखास उशिरा दिसतं.

वेग सांगताना "घन लवकर पोकळ झाला" असं लिहू नका. पोकळीचं आकारमान काढा, त्याचे चांदीचे अणू करा, आणि सेकंदाला किती अणू गेले ते द्या. मग तो आकडा फ्लास्कमधल्या वेगाशी ताडता येतो.

शेवटी होल्डर बाहेर काढण्याआधी शुद्ध पाणी भरपूर वेळ वाहू द्या. क्लोराइड आत राहिलं तर होल्डरचं टोक आणि नळ्यांचे जोड गंजतात. क्लोरोऑरिक आम्ल त्वचेला लागलं तर जांभळे डाग पडतात आणि ते क्षरणकारीही आहे, त्यामुळे खोलताना हातमोजे असू द्या. चिपा पुन्हा वापरायच्या नाहीत, पण टाकूनही देऊ नका. वेगळ्या करून धुवा, वाळवा, आणि बीम पडलेली चौकट व न पडलेली जागा दोन्ही कोरड्या अवस्थेत एक्स-रे स्पेक्ट्रोस्कोपीने तपासा. सोनं आणि चांदीचं प्रमाण दोन्हीकडे वेगळं निघालं, तर पुढच्या वेळी डोस रेट आणखी खाली आणून हेच सगळं पाण्यापासून पुन्हा सुरू करा.